कीलॉगर वर्म पसरतो कसा, चोरतो काय आणि लागण झाली तर करायचे काय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कीलॉगर वर्म म्हणजे नेमके काय? व्हायरस आणि ट्रोजनहून तो वेगळा कसा?

एकाच प्रोग्रॅममध्ये बांधलेली ही दोन कामे आहेत. वर्म स्वतःच्या प्रती काढून एका संगणकावरून दुसऱ्यावर जातो. कीलॉगर कीबोर्डवर दाबलेली प्रत्येक कळ टिपतो. पहिला वाहतूक सांभाळतो, दुसरा चोरी. व्हायरसला जगण्यासाठी दुसऱ्या फाइलच्या पोटात शिरावे लागते. ट्रोजन कामाच्या सॉफ्टवेअरचे सोंग घेऊन येतो आणि आपणच त्याला घरात घेतो. वर्मला आधाराला फाइल लागत नाही. प्रत्यक्षात मात्र या सीमा सैल असतात: बरेच वर्म ट्रोजनसारखे सोंग घेतात आणि आत आल्यावर कीलॉगर वेगळा बसवतात.

(मराठीतले ‘वर्म’ म्हणजे मर्माची, नाजूक जागा. इथला वर्म हा इंग्रजी किडा आहे, पण तोही यंत्राचे वर्म शोधूनच आत शिरतो.)

ही दोन कामे डोक्यात वेगळी ठेवा. प्रोग्रॅम पुसला की वाहतूक थांबते, पण तोवर झालेली चोरी तशीच राहते. बहुतेक लोक पहिल्या कामाची साफसफाई करतात आणि दुसरे विसरतात.

तो संगणकात शिरतो कुठून?

चार वाटा नेहमीच्या आहेत: ईमेल, पेनड्राइव्ह, नेटवर्कवरील शेअर केलेले फोल्डर आणि सॉफ्टवेअरमधील न बुजवलेली भोके.

ईमेलची वाट सर्वांत जुनी. नोव्हेंबर २००१ मध्ये पसरलेला ‘बॅडट्रान्स.बी’ हा कीलॉगर वर्मचा नमुना म्हणावा असा होता. तो इनबॉक्समधील न वाचलेल्या पत्रांना आपणहून उत्तर पाठवायचा. म्हणजे ज्याने काल तुम्हाला पत्र लिहिले, त्याला आज तुमच्या नावाने ‘आरई:’ असे उत्तर यायचे. ओळखीच्या माणसाचे, अपेक्षित असलेले उत्तर कोण उघडणार नाही? शिवाय पाठवणाऱ्याच्या पत्त्याच्या सुरुवातीला तो एक अधोरेखा (_) जोडायचा. त्यामुळे “तुमच्याकडून व्हायरस आलाय” असे कोणी उलट कळवले, तर ते पत्र चुकीच्या पत्त्यावर जाऊन परत फिरायचे आणि ज्याचा संगणक बाधित झाला त्याला पत्ताच नसायचा. जोडलेल्या फाइलला दोन आडनावे (एक्स्टेन्शन) असायची: आधी ‘.डॉक’, ‘.एमपी३’ किंवा ‘.झिप’ आणि मागून खरे ‘.पीआयएफ’ किंवा ‘.एससीआर’. विंडोज शेवटचे आडनाव लपवत असल्याने दिसायचे फक्त पहिले. ही लपवाछपवी आजही तशीच चालते.

नेटवर्कची वाट अधिक घातक, कारण तिथे कोणी क्लिक करावे लागत नाही. बाधित संगणक शेजारच्या संगणकांची दारे ठोठावत सुटतो. शेअर केलेले फोल्डर उघडे असेल किंवा ॲडमिनचा (संगणकावर पूर्ण अधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड ‘१२३४५६’ छापाचा असेल, तर तो आपली प्रत तिथे टाकून चालवतो. २००८ च्या नोव्हेंबरात आलेल्या ‘कॉनफिकर’ने पुढच्याच आवृत्तीत तीन वाटा एकत्र वापरल्या: विंडोजमधील भोक, कच्चे पासवर्ड आणि पेनड्राइव्ह. त्या भोकाचा पॅच (भोक बुजवणारी दुरुस्ती) मायक्रोसॉफ्टने २३ ऑक्टोबर २००८ रोजीच दिला होता. तरीही लाखो संगणक सापडले, कारण पॅच निघणे आणि तो आपल्या संगणकावर बसणे यांत कित्येकदा महिने जातात.

ईमेल नुसती उघडली, जोडलेल्या फाइलला हातही लावला नाही, तरी लागण होते का?

एकेकाळी सर्रास व्हायची. इंटरनेट एक्स्प्लोररमधील एका चुकीमुळे आउटलुक एक्स्प्रेसच्या प्रीव्ह्यूमध्ये पत्र दिसताच जोडलेली फाइल आपोआप चालायची. पॅच मार्च २००१ मध्ये आला. त्याच भोकातून आठ महिन्यांनी बॅडट्रान्स.बी घुसला, दीड वर्षाने ‘बगबेअर’ आणि दोन वर्षांनंतरही, जून २००३ मध्ये, ‘बगबेअर.बी’.

आजचे अद्ययावत ईमेल प्रोग्रॅम आणि ब्राउझर असे आपोआप काही चालवत नाहीत. म्हणून आताचे वर्म तुमच्याकडून एक क्लिक काढून घेण्यावर भर देतात: पासवर्ड लावलेली झिप, पीडीएफमधील लिंक, मॅक्रो (फाइलच्या आत ठेवलेला छोटा प्रोग्रॅम) असलेली एक्सेल फाइल. इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलमधील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच अडवायला सुरुवात केल्यावर शॉर्टकट फाइल आणि डिस्क इमेज (अख्खी डिस्क बांधलेली एकच फाइल) यांचा वापर वाढला. झिपचा पासवर्ड पत्रातच लिहून दिला असेल, तर तो तुमच्या सुरक्षिततेसाठी नसून मेल सर्व्हरच्या अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून असतो.

पेनड्राइव्हमधले सगळे फोल्डर अचानक शॉर्टकट झाले. डेटा गेला का?

सहसा जात नाही. वर्म मूळ फोल्डर लपवून ठेवतो आणि त्याच नावाचे, त्याच चित्राचे शॉर्टकट समोर मांडतो. शॉर्टकटवर डबल क्लिक केले की आधी वर्म चालतो आणि मग खरे फोल्डर उघडते. सगळे नेहमीसारखेच झाले, म्हणून कोणाला शंका येत नाही.

असा पेनड्राइव्ह लावलाच असेल, तर शॉर्टकटवर क्लिक करू नका. एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये लपवलेल्या फाइल दाखवायला सांगा आणि फोल्डर ऑप्शन्समधील ‘प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’समोरची खूण काढा. फक्त पहिले केले तर बऱ्याचदा काहीच दिसत नाही, कारण वर्मने फोल्डरना ‘सिस्टिम’ हा गुणधर्मही चिकटवलेला असतो. खरे फोल्डर दिसले की त्यातील कागदपत्रे आणि फोटो तेवढे उचला. बाकी पेनड्राइव्ह स्वच्छ संगणकावर फॉरमॅट करा. ज्या संगणकावर शॉर्टकट पहिल्यांदा दिसले तो मात्र बाधित धरूनच चाला.

वर्म किती वेगाने पसरतो?

माणसाच्या क्लिकवर अवलंबून असेल तर तासांत, नसेल तर मिनिटांत. वेगाची कल्पना यावी म्हणून एक उदाहरण देतो, कीलॉगर नसलेल्या वर्मचे: २५ जानेवारी २००३ रोजीचा ‘स्लॅमर’ अवघा ३७६ बाइटचा होता. सुरुवातीला बाधित संगणकांची संख्या दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट होत होती आणि भोक असलेल्या संगणकांपैकी सुमारे ९० टक्के त्याने दहा मिनिटांत गाठले. कीलॉगर वर्मला एवढी घाई परवडत नाही. चोराला गाजावाजा नको असतो.

मी कोणती कळ दाबली हे त्याला कळते कसे?

कळ दाबली की तिचा क्रमांक कीबोर्डकडून ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातो आणि तिथून समोर उघडलेल्या खिडकीकडे. या रस्त्यावर मध्येच उभे राहण्याची सोय विंडोजने स्वतःच दिलेली आहे. तिला ‘हुक’ म्हणतात. शॉर्टकट कळा चालवणारे आणि अपंगांसाठीचे प्रोग्रॅम तीच सोय वापरतात, त्यामुळे ती सरसकट बंद करता येत नाही. दुसरी पद्धत म्हणजे सेकंदाला कित्येक वेळा “आत्ता कोणती कळ खाली आहे?” असे सिस्टिमला विचारत राहणे.

अनेकांना धक्का बसतो तो यापुढच्या गोष्टीचा: विंडोजवर हे करायला ॲडमिनचे अधिकार लागत नाहीत. तुमच्या साध्या खात्यात चाललेला साधा प्रोग्रॅम त्याच खात्यातल्या दुसऱ्या प्रोग्रॅममधले टायपिंग टिपू शकतो. “मी ॲडमिन नाही, मला भीती नाही” हे म्हणूनच खरे नाही. अपवाद आहेत. ॲडमिन अधिकाराने चालणाऱ्या खिडकीतले टायपिंग साध्या प्रोग्रॅमच्या हाती लागत नाही. विंडोजमध्ये लॉगइन करताना दिसणारा पडदा वेगळ्या ‘डेस्कटॉप’वर असतो, म्हणून तिथला पासवर्डही साध्या हुकला मिळत नाही. बँकेचा आणि ईमेलचा मिळतो.

पासवर्ड लिहिताना पडद्यावर ठिपके दिसतात. मग तो चोरला कसा जातो?

ठिपके मागे उभ्या असलेल्या माणसासाठी असतात. कीलॉगर ठिपके उमटण्याआधीच कळ टिपून मोकळा झालेला असतो. वेबसाइटच्या पत्त्याशेजारचे कुलूपही इथे कामाचे नाही. ते तुमच्या ब्राउझरपासून वेबसाइटपर्यंतचा प्रवास झाकते आणि चोरी ब्राउझरच्या अलीकडे होते.

एवढे सगळे टायपिंग कोण वाचत बसणार?

कोणीच नाही, आणि वाचायची गरजही पडत नाही. बॅडट्रान्स.बी दर सेकंदाला समोरच्या खिडकीचे शीर्षक पाहायचा. त्याची पहिली तीन अक्षरे ‘लॉगऑन’, ‘पासवर्ड’, ‘रिमोट’, ‘कनेक्शन’, ‘टर्मिनल’, ‘नेटवर्क’ अशा शब्दांची असली, की पुढची ६० सेकंदे कळा टिपायच्या. एरवी गप्प बसायचे. बगबेअर.बीने तर हजाराहून अधिक बँकांच्या डोमेनची यादीच बरोबर आणली होती. संगणक त्यांपैकी एखाद्या बँकेच्या नेटवर्कमधला आहे का, हे तो आधी तपासायचा.

आताचे कीलॉगर प्रत्येक तुकड्यावर खिडकीचे नाव, वेबपत्ता आणि वेळ यांचा शिक्का मारतात. चोराच्या सर्व्हरवर ती माहिती शोधता येईल अशी रचलेली असते. कळांच्या जोडीने ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, क्लिपबोर्ड (कॉपी केलेला मजकूर), पडद्याचे फोटो आणि लॉगइन टिकवणाऱ्या कुकीही उचलल्या जातात. आज सर्वांत महाग माल म्हणजे या कुकी. ती हाती आली की पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही न विचारता खाते उघडते.

मराठीत टाइप केले तर कीलॉगरला कळत नाही, हे खरे का?

नाही. कळांचे क्रमांक टिपणारा साधा कीलॉगर देवनागरी अक्षर टिपत नाही, हे बरोबर. इनस्क्रिप्टवर (देवनागरीच्या प्रमाणित कीबोर्डवर) ‘कमल’ लिहायला के, सी, एन या कळा लागतात आणि लॉगमध्ये ती तीन रोमन अक्षरेच उमटतात. पण कोणत्या कळेवर कोणते अक्षर याचा तक्ता कोणालाही मिळतो. उच्चारानुसार लिहिण्याच्या पद्धतीत तर तक्ताही लागत नाही, रोमन अक्षरे वाचली की शब्द कळतो. आणि फॉर्ममधला मजकूर पाठवताना तो थेट ब्राउझरमधून उचलणारे प्रोग्रॅम तयार देवनागरीच नेतात.

चोरलेली माहिती बाहेर जाते कशी? फायरवॉल ती अडवत नाही का?

जुने वर्म स्वतःच ईमेल पाठवायचे. बॅडट्रान्स.बी आपली लॉग फाइल ठरलेल्या पत्त्यांवर पाठवायचा. बगबेअरने उलटी सोय केली होती: ३६७९४ क्रमांकाचे पोर्ट (नेटवर्कसाठीचे संगणकाचे क्रमांकित दार) उघडून तो बसायचा, म्हणजे चोर बाहेरून जोडून घेणार. असे दार घरातल्या राउटरमागे फारसे चालत नाही, शिवाय डोळ्यावर येते. आता माहिती साध्या वेबसाइटसारखी, ४४३ पोर्टवरून, सांकेतिक रूपात जाते. नेहमीचा फायरवॉल बाहेरून आत येणारे अडवतो. आतून बाहेर जाणारी वेब वाहतूक अडवली तर इंटरनेटच बंद पडेल.

डेटाच्या वापरावरून पकडू म्हणाल तर तेही जमत नाही. दिवसभरात २०,००० कळा दाबल्या तरी त्यांची फाइल २० किलोबाइटच्या आसपास भरते, दाबून आणखी लहान होते. एखादा साधा फोटो तिच्याहून कितीतरी मोठा असतो.

पडद्यावरचा कीबोर्ड किंवा कॉपी-पेस्ट वापरले तर वाचतो का?

फक्त सर्वांत साध्या कीलॉगरपासून. माउसचे क्लिक झाले की त्या जागेभोवतीचा पडद्याचा तुकडा टिपणारे प्रोग्रॅम जुने आहेत. ते याच उपायावर तोड म्हणून निघाले. क्लिपबोर्ड वाचणे तर कळा टिपण्याहून सोपे आहे.

पासवर्ड मॅनेजर, ओटीपी, पासकी यांपैकी काय खरे उपयोगी?

पासवर्ड मॅनेजर स्वतः रकाना भरतो, त्यामुळे कळाच दाबल्या जात नाहीत. त्याचा मुख्य पासवर्ड मात्र टाइप होतो, म्हणून मॅनेजरच्या खात्याला दुसरी पायरी लावणे सोडू नका. ॲपमधला सहा आकडी कोड साधारण ३० सेकंदांनी बदलतो. उद्या लॉग वाचणाऱ्या चोराला तो निरुपयोगी, पण त्याच क्षणी वापरणाऱ्याला पुरेसा. पासकी (पासवर्डऐवजी यंत्रात साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा यूएसबी सुरक्षा-किल्लीत टाइप करण्यासारखे गुपितच नसते, म्हणून कीलॉगरच्या हाती काही लागत नाही. तरीही बाधित संगणकावरची कुकी चोरीला जाऊ शकते.

लागण झाली हे ओळखायचे कसे?

चांगल्या कीलॉगरला लक्षणे नसतात. संगणक मंद झाला म्हणजे कीलॉगर, हे समीकरण बहुतेक वेळा चुकते. लक्ष द्यावे अशा खुणा वेगळ्या: अँटिव्हायरस आपोआप बंद होणे, चालू केला तरी पुन्हा बंद पडणे, अपडेट किंवा सुरक्षा कंपन्यांच्या वेबसाइटच तेवढ्या न उघडणे, ओळखीच्यांना तुमच्या नावाने पत्रे जाणे, अनोळखी ठिकाणाहून लॉगइन झाल्याची सूचना. बगबेअरची एक खूण गमतीची होती. नेटवर्कवर फोल्डर कोणते आणि प्रिंटर कोणता हे त्याला ओळखता येत नसे, म्हणून तो आपली प्रत प्रिंटरलाच पाठवायचा आणि प्रिंटर गचाळ चिन्हांची पाने ओकत बसायचे.

तपासायला सुरुवात टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’पासून करा (कंट्रोल, शिफ्ट, एस्केप). ते पुरेसे नाही. शेड्यूल्ड टास्क, सर्व्हिस आणि रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्याच्या) ‘रन’ नोंदी एकत्र दाखवणारे मायक्रोसॉफ्टचे मोफत ‘ऑटोरन्स’ वापरा. नावावर जाऊ नका, जागा पाहा. बॅडट्रान्स.बीने स्वतःचे नाव ‘कर्नल३२.ईएक्सई’ ठेवले होते. विंडोजची खरी फाइल आहे ‘कर्नल३२.डीएलएल’. सिस्टिमचे वाटणारे नाव ‘ॲपडेटा’ किंवा ‘टेम्प’ फोल्डरमधून चालत असेल, तर संशयाला जागा आहे.

लागण झालीच आहे असे वाटते. आधी काय करू?

त्या संगणकाची केबल काढा, वाय-फाय बंद करा आणि त्यावर एकही पासवर्ड टाइप करू नका. घाबरून पहिल्याच मिनिटाला त्याच संगणकावर पासवर्ड बदलायला बसणे ही सर्वाधिक दिसणारी चूक. नवा पासवर्ड लगेच लॉगमध्ये जातो.

आता दुसरे, स्वच्छ यंत्र घ्या. पहिला पासवर्ड ईमेलचा बदला, बँकेचा त्यानंतर. कारण ईमेल ज्याच्या हातात, तो बाकी सगळे ‘पासवर्ड विसरलो’ म्हणून बदलून घेऊ शकतो. बदलल्यावर ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ दाबा. काही सेवांमध्ये पासवर्ड बदलला तरी जुने लॉगइन चालूच राहते आणि चोरलेली कुकी जिवंत असते. मग ईमेलच्या सेटिंगमध्ये तीन गोष्टी पाहा: पत्रे दुसरीकडे पाठवणारा नियम, खाते परत मिळवण्यासाठी दिलेला फोन व पर्यायी ईमेल, आणि परवानगी दिलेली बाहेरची ॲप. चोर जाताना इथे मागचे दार उघडे ठेवतात.

त्यानंतर बँक, पैशांशी जोडलेली इतर खाती, पासवर्ड मॅनेजर, कामाच्या ठिकाणचे लॉगइन. कार्डाचा क्रमांक टाइप केला असेल तर कार्ड बदलून घ्या. सुरक्षा-प्रश्नांची उत्तरेही बदला. ऑफिसचा संगणक असेल तर काहीही पुसण्याआधी आयटी विभागाला सांगा. पुसलेल्या यंत्रावरून नेमके काय गेले हे शोधता येत नाही.

स्कॅन पुरेल की फॉरमॅटच करावे?

विंडोज चालू असताना केलेल्या स्कॅनपासून वर्म लपू शकतो, म्हणून विंडोजसोबत येणाऱ्या डिफेंडर या अँटिव्हायरसचा ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवा. संगणक पुन्हा सुरू होऊन विंडोजच्या बाहेरून तपासणी होते. साधारण १५ मिनिटे लागतात. पण कीलॉगर खरोखर सापडला असेल, तर आमचा कौल नव्याने विंडोज टाकण्याकडेच आहे. त्याने मागाहून आणखी काय उतरवून घेतले हे स्कॅन खात्रीने सांगू शकत नाही. दुसऱ्या संगणकावर किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर तयार करा. बॅकअपमध्ये कागदपत्रे आणि फोटो घ्या. ‘.ईएक्सई’, ‘.एससीआर’, ‘.व्हीबीएस’, ‘.जेएस’, ‘.एलएनके’ आणि मॅक्रोच्या ‘.डॉकएम’, ‘.एक्सएलएसएम’ फाइल मागे सोडा.

फॉरमॅट केले, तरी दोन दिवसांत परत आला. का?

तो बहुधा गेलाच नव्हता, शेजारी बसला होता. नेटवर्कवरचा दुसरा संगणक, जुना पेनड्राइव्ह किंवा बॅकअपची हार्ड डिस्क यांपैकी कुठेतरी प्रत उरलेली असते. नेटवर्कवरचे सगळे संगणक एकाच वेळी तोडा, एकेक साफ करा आणि शेवटचा साफ झाल्यावरच जोडा. सगळीकडे ॲडमिनचा पासवर्ड एकच असेल तर तोही बदला. दुसरे कारण म्हणजे जुन्या इन्स्टॉलरमधले उघडे भोक. २००३ च्या ऑगस्टमधील ‘ब्लास्टर’च्या काळात नवे विंडोज टाकून पॅच उतरवायला इंटरनेट जोडले, की पॅच पूर्ण उतरण्याआधीच संगणक पुन्हा बाधित व्हायचा. ताजा इन्स्टॉलर घ्या आणि पहिली जोडणी राउटरमागूनच करा.

मॅक आणि लिनक्सवाल्यांनी निश्चिंत राहावे का?

मॅकवर २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून कळा टिपायला ‘इनपुट मॉनिटरिंग’ची परवानगी लागते. ती यादी उघडून अनोळखी नावे काढून टाका. लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या एक्स११ व्यवस्थेत कोणताही प्रोग्रॅम दुसऱ्याच्या कळा वाचू शकतो, तिच्या जागी आलेल्या वेलँडमध्ये ही वाट बंद केली आहे.

मोबाइलवर हे होते का?

होते, रूप बदलून. अँड्रॉइडवर ‘ॲक्सेसिबिलिटी’ची (अपंगांच्या सोयीसाठीची) परवानगी मिळालेले ॲप पडद्यावरचे सगळे वाचू शकते. ‘फ्लूबॉट’ याच वाटेने चालायचा: पार्सल आल्याचा एसएमएस, त्यातली लिंक, बाहेरून बसवायचे ॲप, मग ॲक्सेसिबिलिटीची मागणी आणि शेवटी तुमच्या संपर्कयादीचा वापर करून पुढचे एसएमएस. जून २०२२ मध्ये युरोपोल या युरोपीय संघाच्या पोलिस यंत्रणेने त्याचे जाळे ताब्यात घेतल्याचे जाहीर केले, पण ही युक्ती त्याच्याबरोबर संपली नाही. कीबोर्डचे ॲपही नीट पारखून घ्या. अधिकृत दुकानातले असले तरी ते तुमचे बहुतेक टायपिंग पाहते. आयफोन पासवर्डच्या रकान्यात बाहेरचा कीबोर्ड बाजूला सारून स्वतःचा दाखवतो.

दुसऱ्याच्या संगणकावर एकदाच लॉगइन करणे भाग पडले तर?

शक्य असेल तर फोनचा हॉटस्पॉट घेऊन स्वतःच्याच यंत्रावर काम उरका. नाहीच जमले, तर संगणकाच्या मागे एकदा नजर टाका: कीबोर्डची यूएसबी आणि संगणक यांच्यामध्ये खोवलेला बोटभर लांबीचा तुकडा हार्डवेअर कीलॉगर असू शकतो आणि तो कोणत्याही अँटिव्हायरसला दिसत नाही. क्यूआर कोड फोनने स्कॅन करून लॉगइन करण्याची सोय असेल तर ती वापरा, कारण मग पासवर्ड त्या कीबोर्डवर उमटतच नाही. काम झाल्यावर साइन आउट तिथून करून थांबू नका. आपल्या फोनवर खात्याच्या ‘उपकरणे’ यादीत जाऊन ते यंत्र काढून टाका, आणि पासवर्ड टाइप केला असेल तर तोही फोनवरूनच, त्याच दिवशी बदला.